वऱ्हाडातले बिनपाठांतराचे रविवार

वरूड

कुडाळहून वरूडला मी गेले ती एका यंत्राच्या मागोमाग. आमचा कारखाना फळांची प्रतवारी करणारी यंत्रं बनवतो. पट्ट्यावरून फळं पुढे सरकतात आणि आकाराप्रमाणे वेगवेगळ्या खणांत पडतात, एवढं साधं ते काम. आजवर आम्ही काजू आणि आंबा यांच्यापलीकडे गेलो नव्हतो. वरूडच्या एका संत्रा पॅकिंगवाल्यांनी यंत्र मागवलं आणि ते बसवून, चालवून दाखवून, तिथल्या माणसांच्या हाती सोपवून यायला मला पाठवण्यात आलं. चाळिशी उलटेपर्यंत मी कोकण सोडून इतके दिवस कुठे राहिले नव्हते. थंडीचे दिवस होते. पहिल्या सकाळी नळाखाली हात धरला आणि तसाच मागे घेतला. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटेपुरती अंगावर चादर ओढायची गोष्ट. इथे लोक शेकोटीभोवती उभे राहून दात घासत होते.

गावात जिकडे पाहावं तिकडे संत्री. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संत्री, ट्रकमध्ये तणसाच्या थरांत संत्री, दुचाकीच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या पोत्यांत संत्री. हवेत सालीचा कडवट-गोड वास. माझ्या खोलीत मात्र दुसऱ्या दिवशी वेगळाच वास सुटला. मासळीवाचून राहवणार नाही म्हणून मी डब्यातून सुकट नेली होती आणि ती भाजायला घेतली. घरमालकीण धावत वर आल्या.

"मॅडम, वायर जळून राहिली का?"

मी डबा पुढे केला. त्यांनी आत डोकावलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "हे खाता? खरंच?" मग जरा थांबून, "बरं, खिडकी उघडी ठेवत जा." तेवढंच. संध्याकाळी त्यांनी वाटीभर वांग्याची भाजी आणून दिली. तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बोलणं सरळ तोंडावर मारायचं आणि पाठोपाठ वाटी घेऊन यायचं, ही वऱ्हाडची रीत माझ्या ध्यानात यायला पुढचे काही दिवस लागले.

पॅकिंग हाउसचे व्यवस्थापक होते प्रफुल्ल राऊत. तिशीतला, भरदार आवाजाचा माणूस. हसला की पॅकिंग हाउसच्या पत्र्याखाली घुमायचं. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, रविवारी काय करून राहिल्या?"

"काही नाही. कपडे धुवीन."

"कपडे शनिवारी धुवा. रविवारी चाला आमच्या संगं अमरावतीले. आमी तिथं नाटक करतो."

"नाटकाची तालीम बघायला येऊ?"

"तालीम नाई हो. तालमीत पाठ करा लागते. आमी काहीच पाठ करत नाई. पुढं काय होते ते आमालेच मालूम नसते."

मी येते म्हणाले. खरं कारण त्यांना सांगितलं नाही, ते इथे सांगते. आमच्याकडे दशावतारात असंच असतं. लिहिलेलं नाटक नसतं. कोण कोणाला पळवणार, कोण कोणाला मारणार एवढं नट आधी ठरवून घेतात आणि मग उभ्या उभ्या बोलत जातात. माझे बाबा दिवसा सुतारकाम करायचे आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात स्त्रीपार्ट. नऊवारी नेसून, खांद्यावर पदर घेऊन ते बोलायला लागले की आमच्या शेजारच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी मात्र कायम समोरच्या गोणपाटावर बसलेली. मुलींनी तिथे उभं राहायची पद्धत नव्हती. बाबांनी ती कधी मोडली नाही आणि मीही कधी मागितलं नाही. पण त्यांचं बोलणं ऐकताना माझे ओठ हलायचे, असं आई सांगायची.

अमरावती

अमरावतीत उतरल्यावर प्रफुल्लभाऊंनी आधी गिला वडा खायला घातला. गिला म्हणजे ओला. दह्यात आणि हिरव्या चटणीत बुडवलेला मऊ वडा. आमच्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासोबतच्या वड्याशी त्याचं काही नातं नाही, पण दोन प्लेट कधी संपल्या ते कळलं नाही. मग आम्ही एका चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर गेलो. दुकान रुबिना शेख यांचं. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं टोकदार, नाकावर स्वतःच्याच दुकानातली मोठी गोल चौकट. सगळे त्यांना रुबिनाबाजी म्हणतात. दुकान रविवारी बंद असतं, आणि वरच्या खोलीत, नजर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर, ही मंडळी जमतात.

त्यांच्यातले दोघे मला सगळ्यांत जवळचे झाले. एक रुबिनाबाजी, दुसरे वानखडेभाऊ. वानखडेभाऊ कोर्टात पट्टेवाले आहेत. खटल्याची वेळ आली की दाराबाहेर उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. उंच, सडपातळ, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या दुकानदारानं मान वर करावी.

"दिवसभर दुसऱ्याचं नाव पुकारतो," ते मला म्हणाले. "अन् तो माणूस आत जाते, बोलते. मी बाहेरच. मनून रविवारी इथं येतो. इथं मी आत असतो."

रुबिनाबाजींनी मला नियम सांगितला. एकच आहे. समोरचा जे बोलेल त्याला 'हाव' म्हणायचं, अन् त्यात आपलं काहीतरी जोडायचं. तो म्हणाला तुमच्या डोक्यावर कावळा बसलाय, तर बसलाय. नाही म्हणायचं नाही, कारण नाही म्हटलं की गाडी तिथंच उभी राहते.

मला वाटलं, यात काय कठीण? माझ्या रक्तातच आहे.

मला डॉक्टर केलं आणि वानखडेभाऊंना पेशंट. ते कानावर हात धरून आत आले. "डॉक्टरीनबाई, गडबड झाली. माहा कान घरीच राहिला."

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. माझ्या मनात एक वाक्य तयार होऊ लागलं, 'आपण कान नेमका कुठे विसरलात?' ते मला फार पुस्तकी वाटलं. ते खोडून दुसरं जुळवायला घेतलं. तेही खोडलं. वानखडेभाऊ कानावर हात धरून वाट पाहत उभे. खालून भाजीवाल्याची हाळी ऐकू आली. शेवटी मी म्हणाले, "असं कसं होईल?"

टिंग. रुबिनाबाजींनी घंटी वाजवली. दुकानाच्या गल्ल्यावरची घंटी, प्रसंग थांबवायचा असला की त्या वाजवतात.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमी आधी मनात लिहिता, मग त्याच्यावर लाल शाईनं खुणा करता, मग बोलता. तोवर आमी जेवून परत येऊ."

सगळे हसले. मीही हसले. पण कान लाल झाले होते, जागेवरच होते ते. नंतर मला आणखी दोनदा उभं केलं आणि दोन्ही वेळा तेच झालं. इतरांचं बोलणं फुटाण्यासारखं तडतडत होतं. मी मधे प्रमाण भाषेची इस्त्री केलेली वाक्यं घेऊन उभी.

परतीच्या एसटीत मी प्रफुल्लभाऊंना म्हणाले, "पुढच्या रविवारी मी येणार नाही. तुमचा वेळ वाया जातो."

"बाजी तुमाले बोलल्या मनून?"

मी हातातलं तिकीट दुमडत राहिले.

"मॅडम, पाव्हण्याले बाजी 'वा, वा' म्हणतात, चहा पाजतात अन् रवाना करतात. तुमाले 'वा, वा' म्हटलं का?"

"नाही."

"मंग झालं," असं म्हणून ते खिडकीला डोकं टेकून झोपी गेले.

तो आठवडा यंत्रानंही मला छळलं. आंब्यासाठी बसवलेले ब्रश संत्र्याच्या सालीला खरचटत होते. मी ते काढून मऊ ब्रश मागवले, पट्ट्याचा वेग कमी केला, पुन्हा वाढवला. पॅकिंगच्या बायका कडेला उभ्या राहून बघायच्या. "जमून राहिलं का, मॅडम?" कोणी विचारलं की मी म्हणायचे, "हाव, जमून राहिलं." ते ऐकून त्या पदरात तोंड लपवून हसायच्या. माझं 'हाव' त्यांना फार गमतीचं वाटे. मलाही ते म्हणायला बरं वाटू लागलं होतं. खरं तर जमत नव्हतं, पण 'हाव' म्हटल्यावर हात पुन्हा कामाला लागत.

रविवारी सकाळी मी बसथांब्यावर प्रफुल्लभाऊंच्या आधी हजर होते.

कौंडण्यपूर

त्या रविवारी माडीवर नव्हे, नदीवर जायचं ठरलं होतं. वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. वाटेत दोन्ही बाजूंना काळी जमीन. पऱ्हाटीवर शेवटचा कापूस लटकत होता आणि तुरीला शेंगा धरल्या होत्या. आमच्या लाल मातीच्या, डोंगराआड लपलेल्या कुणग्यांची, भाताच्या चिमुकल्या तुकड्यांची, सवय असलेल्या डोळ्यांना एवढी मोकळी शेतं पाहून पहिल्यांदा जरा उघडं पडल्यासारखं होतं. मग हळूहळू छाती मोकळी होते.

गाडीत भांडण पेटलं होतं. कृष्णानं रुक्मिणीला पळवलं ते कुठून? अमरावतीचे लोक म्हणतात आमच्या अंबादेवीच्या देवळातून, कौंडण्यपूरचे म्हणतात आमच्या इथून. वानखडेभाऊ अमरावतीच्या बाजूनं, प्रफुल्लभाऊ विरुद्ध. रुबिनाबाजी पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "पोरगी स्वतः चिठ्ठी पाठवून गेली ना? मंग कुठून का जाईना!"

देवळात दर्शन घेतलं. जत्रेचे दिवस नव्हते, सगळं शांत होतं. घाटाच्या पायऱ्यांवर ऊन पडलं होतं आणि नदी संथ वाहत होती. मी बाजूला जाऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, मी तुमच्या माहेराक इलंय."

"खय?"

"कौंडण्यपुराक. रुक्मिणीच्या गावाक."

बाबांनी रुक्मिणी किती जत्रांमधून केली असेल, त्याची गणती नाही. सिंधुदुर्गातल्या देवळांसमोर कंदिलाच्या आणि नंतर ट्यूबलाइटच्या उजेडात, पदर सावरत, कृष्णाला निरोप धाडत. त्यांनी हे गाव कधी पाहिलं नव्हतं. ते खरोखर कुठे असेल असं त्यांच्या मनातही आलं नसावं.

मग ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला. "पाया पड माझ्या वतीन," ते म्हणाले. "नि तिका सांग, इतकी वर्सा पळान जातंय, पण माघारी येवक कधी गावलाच नाय."

"सांगतंय," मी म्हणाले. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, अशा अवस्थेत मी परत आले. काय झालं म्हणून सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं. ऐकताच वानखडेभाऊ ताडकन उठले, घाटाच्या वरच्या पायरीवर गेले आणि त्यांनी कोर्टातला पुकारा केला.

"रुक्मिणी भीमक हाजिर होऽऽ!"

पाण्यावरून आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. कपडे धुणाऱ्या दोन बायकांनी वळून पाहिलं. रुबिनाबाजी झटकन न्यायाधीश होऊन दगडावर बसल्या. मी रुक्मिणी झाले होते, कोणी विचारलंच नाही.

"बाई, खरं सांगा," प्रफुल्लवकील गरजले. "तुमाले कोणत्या हद्दीतून पळवलं?"

"मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "रथ फार जोरात होता, आणि मी मागे बघतच नव्हते."

सगळे हसले! वानखडेभाऊंनी मांडीवर थाप मारली. ती दोन वाक्यं काही फार मोठी नव्हती, पण ती मी आधी लिहिली नव्हती. ती कुठून आली मला माहीत नाही.

मग जेवायला बसलो. ज्वारीच्या भाकरी, चून म्हणजे आपलं पिठलं, लाल मिरचीचा ठेचा आणि वर संत्री. रुबिनाबाजी माझ्या शेजारी बसल्या आणि भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "फोनवर कोणत्या भाषेत बोलत होत्या?"

"मालवणी. घरची."

"त्या भाषेत तुमी थांबत नाई."

"पण ती इथे कोणाला कळणार?"

"आमची तुमाले सगळी कळते?"

"नाही. अर्धी अंदाजानं."

"मंग?" असं म्हणून त्यांनी माझ्या पानात आणखी ठेचा वाढला.

अकोला

माझं काम संपत आलं. मऊ ब्रशांनी यंत्र वळणावर आलं. शनिवारी मालकांसमोर ट्रकभर संत्री त्यावरून गेली आणि एकालाही ओरखडा नव्हता. पॅकिंगच्या बायकांनी ती चाचणी स्वतः चालवली, मी फक्त बाजूला उभी होते. सोमवारी सकाळी अकोल्याहून परतीची गाडी होती. आणि आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, अकोल्यात या मंडळींचा प्रयोग. अमरावतीबाहेरचा त्यांचा पहिलाच, आणि त्यात खेळणारे रुबिनाबाजी, वानखडेभाऊ आणि प्रफुल्लभाऊ असे तिघंच. रुबिनाबाजींच्या भावाचं तिथे कापडाचं दुकान आहे. त्यांनी ओळखीतून एका मंगल कार्यालयाचं सभागृह मिळवलं होतं आणि बाजारातल्या सगळ्या ओळखीच्यांना बोलावलं होतं. मला घंटी वाजवायचं काम दिलं होतं. ते मला पुरेसं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा प्रफुल्लभाऊ आधीच आलेले. गळ्याला मफलर, चेहरा पडलेला. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून फक्त हवा आली. दोन दिवस ट्रक भरताना थंडीत ओरडून त्यांचा आवाज त्या सकाळी पार बसला होता. पत्र्याखाली घुमणारा तो माणूस कुजबुजला, "मी... घंटी... वाजवतो."

मग मी काय करणार, ते सगळ्यांना एकदमच कळलं.

"मला जमणार नाही," मी म्हणाले. "तिकडे घाटावर ठीक होतं. इथे एवढी माणसं आहेत."

वानखडेभाऊंनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. "हाव," ते म्हणाले, "हायेत खरी."

रुबिनाबाजी माझ्यासमोर आल्या, त्यांनी माझा चष्मा काढला, आपल्या ओढणीनं काचा स्वच्छ पुसल्या आणि पुन्हा माझ्या नाकावर बसवला. "आता दिसून राहिलं का बरोबर? चाला."

सभागृह भरलं होतं. दुकानदार, त्यांच्या घरच्या बायका, मुलं, पुढच्या रांगेत बाकावर पाय वर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या. रुबिनाबाजींनी नियम समजावला आणि विचारलं, "स्वयंपाकघरातली एक वस्तू सांगा. तिच्यावरून गोष्ट करू."

मागून एकजण ओरडला, "सांबार!"

सांबार म्हटल्यावर माझ्यासमोर इडली आली. मी जमिनीवर बसले, पातेलं पुढे ओढलं आणि डावानं ढवळू लागले. तेवढ्यात वानखडेभाऊ डोक्यावर काहीतरी ओझं घेऊन आत आले आणि धपकन टाकून म्हणाले, "घे व, वावरातून सांबार आनला. जुड्या बांध."

जुड्या? सांबाराच्या? माझा हात पातेल्यावर थांबला. नवं वाक्य लिहायला मन बसलं होतं, तेवढ्यात पोटातून दुसरंच काहीतरी वर आलं.

"अरे देवा! सांबाराची जुडी? ह्या पातळ पातळ असता, ता बांधतलंस कसा?"

सभागृह क्षणभर गोंधळलं. मग कोणीतरी फिसकन हसलं. वानखडेभाऊंनी ओझ्यातून एक काडी उपसली आणि माझ्या नाकाखाली धरली. "हे पाय. हिरवागार. वास घे."

मी वास घेतला. "मेल्या, ही कोथमीर!"

हशानं छप्पर उडालं. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला तिथे, तेवढ्या माणसांसमोर, त्या क्षणी कळलं. मी खरी चकित झाले होते आणि ते खरेपण त्यांना दिसत होतं. हसू थांबेना. रुबिनाबाजींनी ते ओळखलं. त्या कंबरेवर हात ठेवून सासू होऊन आल्या.

"काहून व? काय झालं? सूनबाई काहून ओरडून राहिली?"

"कित्याक म्हणजे? ह्येंका कोथमिरेचो नि सांबाराचो फरक कळना नाय!"

"कित्याक म्हणजे काय?" सासूनं लेकाला विचारलं.

"काहून म्हणजे कित्याक," वानखडेभाऊ गंभीरपणे म्हणाले.

"अन् कित्याक म्हणजे?"

"काहून."

"काहून?"

"कित्याक!" मी म्हणाले. आणि मग आम्ही तिघं 'का?' विचारणारे नुसते हे दोन शब्द एकमेकांवर फेकत राहिलो, रागानं, लाडानं, रडवेल्या आवाजात, कुजबुजत. एक छोटी मुलगी खुर्चीवर उभी राहून "कित्याक! कित्याक!" ओरडायला लागली. मला मनात काही लिहायला वेळच नव्हता. मी गोष्टीतली सून झाले होते. समुद्राकाठून उचलून काळ्या मातीत आणून लावलेली, जिला पाण्याचं नाव वेगळं, भाजीचं नाव वेगळं, आणि नवरा मात्र बरा मिळालेला.

हसू एका क्षणी ओसरलं. रुबिनाबाजी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी सासूचा आवाज सोडला नाही, पण तो खाली आणला.

"खरं सांग माय, तुले इथं करमते का?"

मी उत्तर शोधायला गेले नाही. ते मिळेपर्यंत थांबले, आणि थांबायला भीती वाटली नाही. सभागृहही थांबलं होतं. मला माझी वरूडची खोली आठवली, गार नळ, अनोळखी बसथांबा.

"करमता," मी म्हणाले. "पण सकाळी उठल्यावर पयल्यांदा वाटता, समुद्राचो आवाज कोणी बंद केल्यान? मगे आठवता, हय नायच तो. मगे मी तुमच्या भांड्यांचो आवाज आयकतंय. तोही बरो आसा."

माझी बोली त्यांना किती कळली असेल कोण जाणे. पण पुढच्या रांगेतली एक म्हातारी, पाय बाकावर घेऊन बसलेली, एकदम मोठ्यानं म्हणाली, "करमन माय, करमन! आमी नाई का करमून घेतलं!"

तिच्या शेजारणीनं मान हलवली. मागे कोणीतरी नाक ओढलं. रुबिनाबाजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि प्रफुल्लभाऊंनी घंटी वाजवली. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी अजून जमिनीवरच बसले होते. उठायला हवं हे मला सुचलंच नाही. वानखडेभाऊंनी हात धरून उठवलं.

पुढचे प्रसंग बरे-वाईट झाले. एक तर साफ पडला. एका दुकानदारानं 'विमान' सांगितलं आणि आम्हा तिघांतलं कोणी कधी विमानात बसलेलं नव्हतं, त्यामुळे आमचं विमान एसटीसारखं थांबत थांबत गेलं. पण पडल्याचं मला काही वाटलं नाही. पडलं की हसून उठायचं आणि पुढचा शब्द मागायचा. आमच्या गावच्या देवळासमोर बाबा हेच करत असणार. बाहेरून बघताना ते मला कधी दिसलं नव्हतं.

प्रयोगानंतर रुबिनाबाजींच्या भावाच्या घरी जेवलो. पाटवड्यांचा रस्सा होता, आणि माझ्यासाठी, मुद्दाम चौकशी करून, तळलेली नदीची मासळी. भाऊ म्हणाले, "समुद्राची नाही हो ताई, घ्या चालवून." मी चालवून घेतलं नाही, मनापासून खाल्लं. काटे जास्त होते, चव गोड होती. जेवताना प्रफुल्लभाऊ खुणा करून काहीतरी सांगत होते. कोणालाच कळेना. शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं, 'आता आम्हाला मालवणी शिकवून जा.' वानखडेभाऊ म्हणाले, "मले एक शब्द येते. मेल्या."

निरोपाची बोलणी फार झाली नाहीत. रुबिनाबाजी म्हणाल्या, "तिकडं गेल्यावर रविवारी कपडे धूत बसू नका. चार माणसं शोधा. तुमच्या कारखान्यात हसणारे असतीलच." मी हो म्हणाले. वऱ्हाडी 'हाव' तेव्हा तोंडातून आलंच नाही.

सकाळी अकोला स्टेशनवर मी एकटीच होते. बाकी सगळ्यांना कामावर जायचं होतं, सोमवार होता. कोर्टात पुकारा सुरू व्हायचा होता, दुकानाचं शटर वर जायचं होतं, वरूडला ट्रक लागले असतील. गाडी आली. मी खिडकीशी जागा धरली आणि माझी कापडी पिशवी मांडीवर घेतली.

फलाटावर एक नवरा-बायको कोणालातरी सोडायला आले होते. बाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. मग त्या सरळ खिडकीपाशी आल्या. चेहरा एकदम गंभीर.

"ओ बाई, माही बकरी तुमच्या पिशवीत काहून घातली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी चमकत होतं. आदल्या दिवशी त्या सभागृहात असणार.

"मी नाय घातलंय," मी म्हणाले. "ती आपसूक बसली. म्हणाली, माका समुद्र बघूचो आसा."

"असं म्हणाली?" बाईंनी गालावर हात ठेवला. "मले नाई सांगितलं कधी. घरी तर खुशाल वाटे."

"काल भांडलंस काय तिच्यावांगडा?"

"थोडं बोलणं झालं होतं," त्या म्हणाल्या. "तिनं वाळत घातलेलं लुगडं खाल्लं. मंग मी बोलणार नाई का?"

त्यांचे यजमान मागून आले. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ते ओशाळून माझ्याकडे बघत होते. "अवं, काय बोलून राहिली तू? कोनती बकरी? लोक पाहून राहिले."

"तुमी गप बसा," बाई त्यांना म्हणाल्या. "तुमच्याच लाडानं शेफारली ते."

माझ्या समोरच्या बाकावरचे आजोबा वर्तमानपत्र खाली करून माझ्या पिशवीकडे बघू लागले. गाडीनं धक्का दिला. फलाट हळूहळू मागे सरकू लागला. बाई हात हलवत होत्या, तोंडावरची गंभीर रेष अजून ढळली नव्हती. आणि मग बाईंचा तो नवरा, इतका वेळ ओशाळून उभा असलेला, काय वाटलं कोण जाणे, गाडीबरोबर चालायला लागला. मग पळायला लागला. खिडकीच्या गजाला हात लावून, धापा टाकत, कळवळून म्हणाला,

"बाई, तिले हिरवा पाला लागते बरं का! वाळलेला नाई खात!"

"देतंय हो, देतंय!" मी ओरडले.

तो मागे राहिला. समोरचे आजोबा अजून पिशवीकडेच पाहत होते. मी पिशवीचं तोंड थोडं सैल केलं आणि तिला वारा लागेल अशी खिडकीकडे वळवून ठेवली.